कावळ्यांचा सामूहिक अन्नशोध मुंबईत कसा पाहावा आणि कसा नोंदवावा

बाणगंगेच्या पायऱ्यांवर पिंड ठेवला जातो, नातलग चार पावले मागे सरतात आणि कावळा शिवण्याची वाट पाहिली जाते. समोरच्या कठड्यावर सात-आठ कावळे बसलेले असतात, भात त्यांना स्पष्ट दिसत असतो, तरीही बराच वेळ कुणी खाली उतरत नाही. मग एक उतरतो, तिरक्या दोन उड्या मारतो, दचकून मागे सरतो आणि पुन्हा पुढे येतो. त्याने एकदा चोच लावली की बाकीचे पाठोपाठ येतात आणि क्षणात कालवा होतो. ज्याला पिंडाशी जोडलेल्या श्रद्धेबद्दल आदर आहे, त्यालाही त्या थांबलेल्या मिनिटांत एक वेगळा प्रश्न दिसू शकतो: अन्न सर्वांना दिसत असताना आधी कोण जातो, कुणाच्या भरवशावर जातो, आणि जो जात नाही तो नेमके काय करत असतो? पक्षी एकमेकांकडे पाहून अन्न कसे शोधतात, कसे वाटून घेतात आणि कसे हिरावून घेतात, याला सामूहिक अन्नशोध म्हणतात. तो मुंबईत, कोणत्याही खर्चाशिवाय, स्वतःच्या गॅलरीतून किंवा मासळीबाजाराच्या कडेला उभे राहून कसा अभ्यासता येईल, हे मी पुढे सांगत आहे.

या विषयातले बरेचसे मूलभूत काम आपल्या कावळ्यांवर झालेले नाही. ते रेव्हन या त्यांच्या थोराड भाऊबंदावर झाले आहे. रेव्हन मुंबईत नसतो. भारतात तो हिमालयात आणि वायव्येकडील कोरड्या प्रदेशात आढळतो. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बर्फाळ जंगलात बर्न्ड हाइनरिख यांनी १९८०च्या दशकात एक कोडे हाती घेतले. हिवाळ्यात मेलेले हरीण किंवा मूस हे रेव्हनसाठी घबाडच असते. मग ते सापडल्यावर काही रेव्हन गप्प बसून एकट्याने खाण्याऐवजी मोठ्याने ओरडून इतरांना का बोलावतात? हाइनरिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळालेले उत्तर असे की, ओरडणारे पक्षी बहुधा तरुण आणि बिनहद्दीचे असतात. त्या परिसराची मालकी एका प्रौढ जोडीकडे असते आणि ती जोडी एकट्या-दुकट्या उपऱ्याला मेलेल्या जनावराजवळ फिरकू देत नाही. मात्र उपऱ्यांचा घोळका जमला की जोडीचे काही चालत नाही. म्हणजे हाक मारणारा उदार नसतो, त्याला स्वतःचा घास मिळवण्यासाठीच गर्दी हवी असते. हे निष्कर्ष मुंबईच्या कावळ्यांना जसेच्या तसे चिकटवू नयेत. त्यांच्यातून चांगले प्रश्न मात्र मिळतात, आणि चांगला प्रश्न हाताशी असल्याशिवाय वही उघडण्यात अर्थ नाही.

जागा आणि वेळ

पहिली जागा घराजवळचीच निवडावी, कारण या कामात एकदा जाऊन भरपूर पाहण्यापेक्षा त्याच जागी पुन्हा पुन्हा जाण्याला जास्त किंमत आहे. चाळीची गॅलरी, सोसायटीच्या कचराकुंडीवर नजर पडणारी खिडकी, शाळेच्या मधल्या सुट्टीनंतरचे मैदान, वडापावच्या गाडीसमोरचा पदपथ, यांपैकी काहीही चालेल. अट एवढीच की, अन्न कुठे पडते ते दिसले पाहिजे आणि कावळे बसतात ती झाडे, तारा, पत्रे हेही त्याच नजरेच्या टप्प्यात असले पाहिजेत. नुसते अन्न दिसणारी जागा अपुरी असते, कारण निम्मी हकिगत वर बसलेल्या कावळ्यांकडे असते.

दुसरी जागा म्हणून मासळी उतरते असे ठिकाण घ्यावे. कुलाब्याचा ससून डॉक, वर्सोवा किंवा वरळीचा कोळीवाडा यांतले जे जवळ असेल ते चालेल. तिथे पहाटेपासून टोपल्या उतरतात, लिलाव होतात, कोळंबी सोलली जाते, डोकी-आतडी बाजूला पडतात आणि कावळ्यांबरोबर घारी, बगळे, मांजरे असा सगळा गोतावळा हजर असतो. तिथली माणसे कामात असतात, याचे भान ठेवावे. वाटेत उभे राहू नये, कोळणींना विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये आणि शक्य तर एखाद्या ओळखीच्या व्यक्तीबरोबर पहिली फेरी करावी. जून-जुलैमध्ये मासेमारीबंदी असते तेव्हा ही जागा सोडून देऊ नये. उलट रोजचा पुरवठा आटल्यावर तिथले कावळे कुठे जातात, किती उरतात आणि उरलेल्यांत भांडणे वाढतात की कमी होतात, हे पाहण्याची ती वर्षातली एकमेव संधी असते.

वेळ घड्याळावर बांधू नये, सूर्योदयावर बांधावी. मुंबईत मे महिन्याच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सव्वासातच्या सुमारास. रोज सकाळी सातला बसणारा निरीक्षक उन्हाळ्यात एक तास उशिरा आणि हिवाळ्यात थोडा लवकर पोहोचतो, आणि मग ऋतुमानाने कावळ्यांचे वागणे बदलले असा चुकीचा समज करून घेतो. वहीत वेळ लिहिताना «सूर्योदयानंतर ४० मिनिटे» अशा पद्धतीने लिहावी.

अन्न टाकून कावळे जमवण्याचा मोह टाळावा. सार्वजनिक जागी खाणे टाकल्याने शेजाऱ्यांना त्रास होतो, उंदीर वाढतात आणि महापालिकेच्या नियमांखाली दंडही होऊ शकतो. शिवाय आपण जमवलेले कावळे आपल्याकडे पाहतात, एकमेकांकडे कमी पाहतात. त्यामुळे ज्यासाठी बसलो तेच बिघडते.

कोण कोण आहे ते आधी ओळखावे

मुंबईत दोन जातींचे कावळे दिसतात. मानेभोवती राखाडी पट्टा असलेला, अंगाने सडपातळ तो गावकावळा. शहरात बहुसंख्य तोच आहे. संपूर्ण काळाभोर, जाड चोचीचा, खोल आणि घोगऱ्या आवाजाचा तो डोमकावळा; तो झाडी असलेल्या भागात, आरे किंवा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला, अधिक दिसतो. एकाच अन्नावर दोन्ही आले तर ते वहीत वेगवेगळे लिहिलेच पाहिजेत, कारण अंगाने मोठा डोमकावळा येताच गावकावळ्यांची बसण्याची जागा आणि उतरण्याचा क्रम बदलू शकतो. नर-मादी नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत, तो प्रयत्न करू नये. नुकतीच उडू लागलेली पिल्ले मात्र ओळखता येतात: ती पंख थरथरवत, चोच वासून घास मागतात आणि वासलेली चोच आतून लालसर दिसते. रेव्हनमध्ये तर तोंडाच्या आतल्या रंगाला सामाजिक अर्थ आहे. तरुण पक्ष्यांचे तोंड आतून गुलाबी असते आणि वरचढ प्रौढांचे काळे होते.

एकेक पक्षी ओळखता आला तर अभ्यासाला खरा कस येतो. त्यासाठी पायात कडी घालण्याची गरज नाही, आणि परवान्याशिवाय तसे करताही येत नाही. तुटलेले पंखाचे पीस, लंगडणारा पाय, नसलेले बोट, चोचीच्या टोकाला आलेला बाक, एखादे पांढरे पीस, अशा खुणांवर दोन-तीन कावळे तरी महिनाभरात पक्के ओळखू येतात. खूण पिसाची असेल तर ती टिकाऊ मानू नये, कारण पिसे झडतात आणि नवी येतात.

वही कशी आखावी

सुरुवातीला मी जी चूक केली, ती टाळता यावी म्हणून सांगतो. पहिले जवळजवळ एक वर्ष मी कावळे खाली उतरले की वही उघडत असे आणि ते उडून गेले की मिटत असे. वर्षाअखेरीस माझ्याकडे शेकडो नोंदी होत्या आणि एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. अन्न पडले आणि कुणीच आले नाही, हाक दिली गेली आणि कुणी वळूनही पाहिले नाही, पाच कावळे बसले होते आणि त्यांतल्या चौघांनी शेवटपर्यंत काही खाल्ले नाही, यांतले काहीच मी लिहिले नव्हते. घडलेल्या गोष्टीची नोंद न घडलेल्या गोष्टीच्या नोंदीशेजारी ठेवल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. या संपूर्ण लेखातली एकच सूचना पाळायची झाली तर ती ही पाळावी: न खाणारा कावळा आणि उत्तर न मिळालेली हाक वहीत लिहावी, आणि जिथे शून्य आहे तिथे शून्य स्पष्ट मांडावे.

प्राणिवर्तनाच्या निरीक्षणाच्या पद्धतींना शिस्त लावणारा एक महत्त्वाचा लेख जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली लिहिला. डोळ्यांत भरेल तेवढेच टिपत गेल्यास भांडणे आणि आरडाओरडा यांनीच वही भरते आणि शांत बसलेले प्राणी गाळले जातात, हा त्यातला इशारा कावळ्यांना तर फारच लागू पडतो. त्यातल्या दोन पद्धती आपल्याला पुरेशा आहेत.

पहिल्या पद्धतीत ठरावीक अंतराने, समजा दर २ मिनिटांनी, डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवायची आणि त्या क्षणी किती कावळे खाली आहेत, किती वर बसले आहेत आणि खाली असलेल्यांपैकी किती प्रत्यक्ष खात आहेत, हे तीन आकडे लिहायचे. नजर पुढे गेल्यानंतर मागे काही घडले तरी ते त्या फेरीत धरायचे नाही. अर्ध्या तासात अशा १५ फेऱ्या होतात आणि नवशिक्यासाठी अर्धा तास पुष्कळ आहे.

दुसऱ्या पद्धतीत एकच कावळा निवडून सलग ५ मिनिटे तो काय करतो ते क्रमाने लिहायचे. निवड आधी ठरवलेल्या नियमाने करावी, उदाहरणार्थ डावीकडून तिसरा. नाहीतर आपली नजर आपोआप सर्वांत आक्रमक पक्ष्याकडे जाते. इथे लिहिण्याचा वेग कमी पडतो, म्हणून एकाक्षरी खुणा करून घ्याव्यात. मी «प» म्हणजे मान वळवून दुसऱ्याकडे पाहणे, «ह» म्हणजे हाक, «उ» म्हणजे खाली उतरणे, «म» म्हणजे मागे उडी, «ख» म्हणजे खाणे, «छ» म्हणजे दुसऱ्याचे हिसकावणे, «ल» म्हणजे घास लपवणे आणि «ब» म्हणजे नुसते बसणे, एवढ्या खुणा वापरतो. खुणेचा अर्थ वहीच्या पहिल्या पानावर वाक्यात लिहावा आणि मध्येच बदलू नये. दोघे मिळून पाहत असतील तर एकाच कावळ्याची ५ मिनिटे दोघांनी न बोलता वेगवेगळी लिहावीत आणि नंतर ताडून पाहावीत. जिथे फरक पडतो तिथे खुणेची व्याख्या सैल आहे असे समजावे.

«प» ही खूण नीट जमायला वेळ लागतो. कावळ्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे तो बारकाईने पाहताना मान तिरकी करून एक डोळा लावतो. काकाक्षिगोलकन्याय आपल्याला शाळेतल्या संस्कृतमुळे ठाऊक असतो. कावळ्याला एकच बुबुळ असून ते दोन्ही डोळ्यांत फिरते ही समजूत खरी नाही, पण ती ज्या निरीक्षणातून निघाली ते निरीक्षण मात्र उत्तम आहे. तिरकी मान कुणाच्या दिशेला आहे हे जो वाचू शकतो, त्याला कोण कुणावर लक्ष ठेवून आहे याचा नकाशाच मिळतो.

दुर्बीण असेल तर ८×४२ मापाची पुरते. नसेल तरी अडत नाही. मोबाइलवर चित्रफीत घेऊन ती नंतर सावकाश पाहिल्यास उतरण्याचा क्रम अचूक मिळतो, फक्त चित्रफितीच्या चौकटीत वरचे बसलेले कावळे येत नाहीत, हे विसरू नये.

हाकेला कोण येतो

आता मुख्य प्रश्नाकडे वळावे: अन्न दिसल्यावर दिलेल्या हाकेमुळे इतर कावळे येतात का? पाहणाऱ्याला उत्तर उघड वाटते, कारण कावकाव झाली आणि कावळे जमले हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, असे इथे सतत होत असते. मासळीबाजारात कावळे सारखे येतच असतात आणि कुणी ना कुणी सारखे ओरडतच असते. या दोन गोष्टी शेजारी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही.

यावर उपाय सोपा आहे. हाक ऐकू आली की तिच्यानंतरच्या १ मिनिटात किती नवे कावळे आले ते मोजावे. त्याच सकाळी, त्याच जागी, ज्या मिनिटांत हाक नव्हती अशी तितकीच मिनिटे निवडून त्यांतही किती नवे कावळे आले ते मोजावे. समजा, ४० हाकांपैकी १२ हाकांनंतर कुणी तरी आले आणि ४० मुक्या मिनिटांपैकी ११ मिनिटांतही कुणी तरी आले, तर हाकेने काहीच साधले नाही, असेच म्हणावे लागेल. तेच हाकांनंतरचा आकडा २६ आणि मुक्या मिनिटांचा ९ आला, तर पुढे पाहण्यासारखे काही तरी आहे. ही मोजणी एका सकाळी करून भागत नाही; निदान दहा सकाळी करावी आणि मगच एका वाक्याचा निष्कर्ष काढावा.

हाकांचे प्रकारही हळूहळू वेगळे करावेत. घार जवळ आली की होणारा ओरडा तीव्र, घाईचा आणि अनेक कंठांतून एकाच वेळी उठणारा असतो, आणि त्याला जमणारे कावळे अन्नासाठी जमलेले नसतात. एखादा कावळा मरून पडला किंवा पिल्लू खाली पडले तरी अशीच झुंबड उडते. या गर्दीला अन्नाची गर्दी समजून मोजल्यास सगळे गणित फसते. म्हणून ओरडा झाल्यावर पहिल्यांदा आकाशाकडे पाहावे, मग जमिनीकडे.

हाकेशिवायही गर्दी जमते, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एखादा कावळा सरळ रेषेत झपाट्याने खाली उतरला की दूरच्या तारेवरचा कावळा त्याच्या दिशेने झेपावतो. इथे कुणी बोलावलेले नसते, उतरणे हेच इतरांसाठी पुरेसे चिन्ह असते. याच धर्तीवर काही कावळे स्वतः न शोधता शोधणाऱ्यांवर नजर ठेवून आयत्या बिळावर नागोबा होतात. सी. जे. बर्नार्ड आणि आर. एम. सिब्ली यांनी १९८१ साली चिमण्यांच्या थव्यातल्या अशा शोधणाऱ्या आणि आयते खाणाऱ्यांचा विचार मांडला. आयते खाणाऱ्यांची संख्या वाढली की शोधणारे कमी पडतात आणि मग आयते खाणाऱ्यांनाही कमी मिळते, असा तो हिशेब आहे. ओळख पटलेले दोन-तीन कावळे असतील तर एकच कावळा नेहमी हिसकावतो की परिस्थिती पाहून भूमिका बदलतो, हे «ख» आणि «छ» या खुणांच्या प्रमाणावरून दिसते.

एक छोटा पण समाधान देणारा प्रयोग बाजारात आपोआप मांडलेला मिळतो. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डेव्हिड हार्पर यांनी केंब्रिजच्या तळ्यातल्या बदकांसमोर दोन ठिकाणांहून वेगवेगळ्या वेगाने पावाचे तुकडे टाकण्याची व्यवस्था केली, आणि जिथे दुप्पट तुकडे पडत तिथे दुप्पट बदके, अशी विभागणी थोड्याच वेळात झाली. मासळी साफ करणाऱ्या दोन जागांपैकी एकीवर टाकाऊ भाग जास्त पडत असेल, तर दोन्हीकडचे कावळे मोजून त्यांची विभागणी त्या प्रमाणात आहे का ते पाहावे. बहुधा घार किंवा एखादा दांडगा कावळा ते प्रमाण बिघडवतो, आणि ते कसे बिघडते हेच नोंदवण्याजोगे असते.

घास लपवणाऱ्याकडे लक्ष द्यावे

माझ्या मते या विषयातला सर्वांत समृद्ध भाग हा आहे, आणि तो घरबसल्या दिसतो. गेल्या फेब्रुवारीतली सकाळची एक नोंद इथे देतो. समोरच्या पत्र्यावर विटा ठेवून दाबलेली निळी ताडपत्री होती. एक गावकावळा भाकरीचा तळहाताएवढा तुकडा घेऊन तिथे उतरला. त्याचा एक पाय किंचित आखडलेला होता, म्हणून तो मला ओळखीचा होता. त्याने तुकडा पायाखाली धरला, पण खाल्ला नाही. चार हातांवर डिश अँटेनावर दुसरा कावळा बसला होता. पहिल्याने मान तिरकी करून त्याच्याकडे तीन वेळा पाहिले. दुसरा छातीची पिसे विंचरू लागला आणि त्याचे डोके खाली गेले, त्याच क्षणी पहिल्याने तुकडा ताडपत्रीच्या घडीत कोंबला, शेजारचे वाळलेले पान उचलून त्यावर ठेवले आणि तो चार पावले दूर जाऊन काही घडलेच नाही असा चोच पत्र्यावर घासत उभा राहिला. अँटेनावरचा कावळा उडून गेला. त्यानंतर ४ मिनिटांनी पहिला परत आला, त्याने तुकडा बाहेर काढला आणि शेजारच्या इमारतीच्या वातानुकूलन यंत्रामागे नेऊन ठेवला.

एका नोंदीवरून कावळ्याच्या मनात काय होते हे सांगता येत नाही. पण रेव्हनच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न बंदिस्त जागेत काटेकोरपणे तपासला गेला आहे. इतर रेव्हन पाहत असले की ते घास लपवणे लांबणीवर टाकतात, आडोशामागे जातात, लपवलेले पुन्हा काढून हलवतात. आणि दुसऱ्याने कुठे लपवले हे पाहून ठेवून नंतर चोरीही करतात. थॉमस बुग्न्यार आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तर समोर दुसरा रेव्हन नव्हताच. शेजारच्या खोलीतून त्याचा मुद्रित आवाज येत होता आणि दोन खोल्यांमध्ये एक बारीक झरोका होता. झरोका उघडा असताना आतला रेव्हन कुणी पाहत असल्यासारखा घास लपवण्याची घाई करी. झरोका बंद असताना, आवाज तोच असूनही, तो तशी काळजी घेत नसे. म्हणजे त्याची सावधगिरी आवाजावर अवलंबून नव्हती, कुणाला काय दिसू शकते यावर अवलंबून होती.

घरी हे पाहताना प्रत्येक «ल» नोंदीसोबत चार गोष्टी लिहाव्यात: त्या वेळी आसपास किती कावळे होते, त्यांतल्या सर्वांत जवळच्याचे डोके कोणत्या दिशेला होते, घास लपवण्याआधी किती वेळ गेला, आणि तो नंतर हलवला गेला का. लपवलेला घास आपण उचलून पाहू नये. कोरडा पाव किंवा शिळी पोळी पाण्यात भिजवून खाणारा कावळाही याच वेळी दिसेल. भिजवताना तुकडा चोचीतून सुटतो, आणि हिसकावणारे त्याच संधीची वाट पाहतात, म्हणून पाण्याची टाकी किंवा पक्ष्यांसाठी ठेवलेले भांडे नजरेच्या टप्प्यात असेल तर उत्तम.

ऋतूंचे आणि सणांचे भान

उन्हाळ्यात, घरटी असताना, कावळ्यांची जोडी आपल्या झाडाभोवती इतरांना फिरकू देत नाही. त्या महिन्यांतल्या नोंदी हिवाळ्यातल्या नोंदींमध्ये मिसळू नयेत. घरट्याखाली मुळीच रेंगाळू नये, डोक्यावर टोच बसते आणि पक्ष्यांनाही उगाच त्रास होतो. कोकिळेला पिटाळणाऱ्या कावळ्यांची धावपळ अन्नासाठी नसते, तीही वेगळी लिहावी.

भाद्रपदातल्या पितृपक्षात दुपारच्या वेळी गच्च्यांवर आणि खिडक्यांत घास ठेवले जातात, म्हणजे पंधरा दिवस नेहमीपेक्षा वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी अन्न उपलब्ध होते. आपल्या घरात घास ठेवला जात असेल तर तो ठेवल्यापासून पहिला कावळा उतरेपर्यंतचा वेळ रोज लिहावा आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तो कमी होतो का ते पाहावे. रेव्हन नव्या अन्नाजवळ जाताना पुन्हा पुन्हा मागे उड्या मारतात आणि इतर कुणी खात असले की निर्धास्त होतात. आपल्याकडची «म» खूण यासाठीच आहे. दुसऱ्यांच्या विधीच्या वेळी मात्र वही, घड्याळ, मोबाइल काहीही बाहेर काढू नये. ज्यांच्या घरी दुःख आहे, त्यांच्या समोर हिशेब मांडून बसणे कोणत्याही जिज्ञासेपोटी क्षम्य नाही.

एकाच भागात अनेक कावळे मेलेले आढळले तर त्यांना हात लावू नये आणि महापालिकेला कळवावे. २०२१च्या जानेवारीत महाराष्ट्रात मृत कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता.

रातथाऱ्यावरून पहाटेकडे

संध्याकाळी कावळे मोठ्या संख्येने एकत्र झोपायला जातात. रातथारा शोधण्यासाठी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी गच्चीवर उभे राहावे, कावळे कोणत्या दिशेने जात आहेत ती दिशा नकाशावर रेषेने काढावी आणि दुसऱ्या दिवशी किलोमीटरभर अंतरावरच्या दुसऱ्या गच्चीवरून तेच करावे. जिथे रेषा एकमेकींना छेदतात, त्या भागातले वड, पिंपळ, पर्जन्यवृक्ष तपासावेत.

पीटर वॉर्ड आणि आमोत्झ झहावी यांनी १९७३ साली अशी कल्पना मांडली की, एकत्र झोपण्याच्या जागा ही माहितीची केंद्रे असतात. ज्याला काल अन्न मिळाले नाही तो आज अन्न माहीत असलेल्याच्या मागे जातो. मेनमध्ये जॉन मार्झलफ, हाइनरिख आणि कॉलीन मार्झलफ यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या कामात, काही काळ बंदिस्त ठेवून अन्नाच्या माहितीपासून तोडलेले रेव्हन रातथाऱ्याजवळ सोडले, तेव्हा ते सोबत्यांच्या मागोमाग नव्या अन्नापर्यंत पोहोचले. वेल्समधल्या अँगलसी बेटावर संशोधकांनी मेलेल्या जनावरांत रंगीत मणी ठेवले आणि रातथाऱ्याखाली पडलेल्या, पक्ष्यांनी तोंडावाटे टाकलेल्या गोळ्यांत ते मणी शोधले. एकाच ठिकाणी खाल्लेले पक्षी एकमेकांच्या जवळ झोपत होते.

आपण मणी ठेवू नयेत आणि पक्षी पकडू नयेत. पण रातथारा सापडला की सूर्योदयाच्या ४० मिनिटे आधी, अंधार असतानाच, त्याच्यापासून इतक्या अंतरावर उभे राहावे की संपूर्ण झाड आणि त्याच्या चारही बाजूंचे आकाश दिसेल. कागदावर घड्याळाच्या तबकडीसारखे वर्तुळ काढून १२च्या जागी उत्तर धरावी. जो कावळा किंवा जी टोळी निघेल ती कोणत्या दिशेला, किती वाजता आणि किती जणांची, ते त्या वर्तुळावर लिहावे. दोन पक्षी एकामागून एक ५ सेकंदांच्या आत एकाच दिशेला गेले तर त्यांच्यामध्ये रेघ ओढावी. वर्सोव्यात किंवा ससून डॉकवर बोटी लागलेल्या दिवसाची आणि बोटी न लागलेल्या दिवसाची अशी दोन वर्तुळे शेजारी ठेवावीत आणि समुद्राच्या दिशेच्या रेघा मोजाव्यात.